लोलक आणि दोन डबे

सकाळी आठलाच सभागृह खचाखच भरलं होतं. ज्याच्या त्याच्या हातात खाण्याचा डबा आणि डोळे लोलकबाबांवर. बाबा डब्यावर दोऱ्याने टांगलेला स्फटिक धरायचे. गोल फिरला तर खा, आडवा हलला तर टाकून द्या.

"यंत्रं फसतात, स्पंदनं नाही!" बाबा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीला घेऊन आलेली माझी ताईही टाळ्या वाजवत होती.

मी पंधरा वर्षं प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांतला बदाम-काजूचा अंश शोधतेय. पण पिकतं तिथे विकत नाही. भाचीला बदामाचं वावडं. मागे केकच्या एका घासाने तिचा घसा सुजला, दवाखाना गाठेपर्यंत ओठ निळे पडले. तेव्हापासून ताई पार हादरलीय.

"तुझा अहवाल चार दिवसांनी येणार, त्यातही 'आढळला नाही' एवढंच. 'नाहीच' असं छातीठोक का सांगत नाहीस?"

"कारण आम्ही चमचाभरच तपासतो गं."

"बघ! बाबा सगळ्याचं सांगतात."

बाबांची परीक्षा घ्यायची म्हणून मी दोन सारखे डबे आणले होते, झाकणं चिकटपट्टीने बंद. एकात साधी बिस्किटं, दुसऱ्यात बदामाची. दारावरची बाई गोड हसली. "कशाचं केलंय, ताई? कोणाला काय चालत नाही?" मी खरं ते सांगितलं, तशी तिने साध्यावर पांढरी चिठ्ठी लावली, बदामाच्या डब्यावर पिवळी.

भाची माझ्या कानाशी लागली. "मावशी, पिवळी चिठ्ठी असली की लोलक आडवाच जातो."

मी गुपचूप चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

बदामाच्या डब्यावर स्फटिक झोकात गोल फिरला. "खा बाळा, अमृत आहे!" म्हणत बाबांनी डबा उघडून बिस्किट थेट भाचीपुढे धरलं. मी फटका मारून ते उडवलं.

"बदामाचं आहे ते! मीच चिठ्ठ्या बदलल्या. लोलक यांच्या हाताने हलतो आणि हात चिठ्ठी बघून!"

मग बाबा हसले. "अश्रद्धा आली, स्पंदनं बिघडली."

"खरंय," मागून कोणीतरी म्हणालं. रांग पुढे सरकली. मी ओरडत राहिले, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाहेर ताईने माझा हात घट्ट धरला. "मग आता तू लिहून दे, हिला काही होणार नाही म्हणून."

मला रडू आलं. "नाही गं लिहून देता येत."

भाचीने पिशवीत हात घालून घसा सुजला की टोचायचं आपलं इंजेक्शन जागेवर आहे ना, ते पाहिलं.

लोकहो, जो 'मला एवढंच कळलं' म्हणतो, त्याच्यावर चिडू नका. आणि जो सगळंच जाणतो, त्याच्यापुढे आधी बिनचिठ्ठीचा डबा ठेवा.