बोरकट्टीचा गाळ

सोलापूर शहराच्या दक्षिण अंगाला चिकटून वाढलेल्या बोरकट्टीचा पत्ता परक्या माणसाला विचारावा लागत नसे. त्याचे नाकच त्याला आणून सोडत असे. गावाच्या पूर्वेला दगडाची एक जुनी खाण होती. तिच्यातला दगड संपल्यावर टॉवेल-चादरी रंगवणाऱ्या काही कारखान्यांनी आपल्या हौदांच्या तळाचा साका तिच्यात ओतायला सुरुवात केली. काळा, लोण्यासारखा बुळबुळीत, उन्हात जांभळ्या तवंगाने चकाकणारा तो साका वर्षानुवर्षे साठत गेला. सडकी अंडी आणि रॉकेल एकत्र घुसळावे तसा त्याचा दर्प होता. घरात फोडणी कशाचीही द्या, वरणाला वास खाणीचाच येतो, असे बोरकट्टीच्या बायका म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

मल्लिनाथ बिराजदार नगराध्यक्ष झाला तो ही खाण रिकामी करून दाखवीन, या एका शब्दावर. त्याचे स्वतःचे घर खाणीपासून हाकेच्या अंतरावर. वाद घालण्यात त्याचा हात धरणारा नगरपंचायतीत कोणी नव्हता. त्याने वरच्या कचेऱ्यांशी भांडून निधी आणला, आणि त्याच उन्हाळ्यात गावतळ्याचा गाळ काढण्याचे कामही मंजूर झाले, तेव्हा दोन्ही कामे एकाच ठेकेदाराला द्यावीत असे त्याने सभेत मांडले. माणसे तीच, टिपर तेच. पाऊस तोंडावर असताना दोन निविदांचा घोळ कशाला? यावर कोणाला उत्तर सुचले नाही. आणि ज्याला उत्तर मिळत नाही ते बरोबरच असते, अशी मल्लिनाथची आयुष्यभराची समजूत होती.

काम मोडनिंबच्या अजिंक्य नावाच्या ठेकेदाराला मिळाले. व्यवस्था अशी होती की तळ्याचा गाळ बाजारामागच्या मैदानात टाकायचा आणि शेतकऱ्यांनी तो फुकट भरून न्यायचा. खाणीतला साका मात्र बंद ट्रकांतून पुण्यापलीकडच्या परवानाधारक केंद्राकडे पाठवायचा. मुरमाड रानाच्या मालकाला तळ्याचा गाळ म्हणजे सोने. मैदानात ट्रॅक्टरांची रांग लागली. मल्लिनाथने स्वतः फोन करून आपल्या आत्याला, ओढ्यापलीकडे एकटीने शेती करणाऱ्या चन्नम्माला, पहिल्या खेपांत गाळ मिळवून दिला. महिना संपायच्या आत खाण तळापर्यंत मोकळी झाली. शेजारच्या रत्नम्माने भर चौकात अध्यक्षाच्या गळ्यात हार घातला आणि लोकांनी तोंडावरचे पदर, रुमाल काढून पेढे खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी तो आत्याकडे गेला.

"बा तम्मा, कूतको," चुलीपुढे बसलेल्या चन्नम्माने पाट सरकवला. लग्न होऊन दुधनीकडून इकडे येऊन, मागोमाग भावालाही बोरकट्टीत आणून तिचे केस पांढरे झाले होते, तरी बोलण्यातले कानडी गेले नव्हते. "अध्यक्ष झालास तरी चालतच आलास व्हय? गाडी कुनाला दिलीस?"

"ओढ्यातनं गाडी येत न्हाय, आत्या."

"मग पूल बांध की. का त्ये बी त्या मोडनिंबवाल्याला इचारून?"

मल्लिनाथ हसला, आणि हसता हसता त्याला वास आला. इतक्या वर्षांत तो आपल्या नाकातच मुरला असेल असे त्याने आधी स्वतःला समजावले. मग त्याचे लक्ष परातीकडे गेले. चन्नम्मा भाकरीचे पीठ मळत होती. तिची नखे, नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा गर्द जांभळ्या होत्या, आणि पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या पिठात तिच्या तळव्यामागोमाग एक फिकट जांभळी शीर उमटत जात होती.

"हाताला काय झालं?"

"तुझा गाळ की! लई रंगेल गाळ दिलास. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, जात न्हाय. म्हातारपणी मेंदी काढली म्हनून शेजारणी हसत्यात."

तिने गरम भाकरी, ठेचा आणि दही त्याच्यापुढे ठेवले. त्याने तुकडा मोडला. आत, वाफेत, ती शीर होतीच. त्याच्या तोंडाला पाणी सुटले, पण ते भुकेचे नव्हते. ओकारीच्या आधी सुटते ते. त्याने तुकडा ताटात ठेवला.

"खा की. आत्याचं गोड लागत न्हाय आता?"

"आत्या, मी हे खात न्हाय. तू बी खाऊ नकोस. त्यो तळ्याचा गाळ न्हाय, खाणीतला हाय."

चन्नम्माने परात उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली, कोंबड्या धावून आल्या तशी पुन्हा आत घेतली, आणि त्याला रानाकडे घेऊन गेली. गाळ पसरून तिने त्यावर कुळवही फिरवला होता. ढेकळांना तेलकट पापुद्रा धरला होता. नुकत्याच कुळवलेल्या रानात असतात तसे बगळे नव्हते, मुंगीसुद्धा नव्हती. मल्लिनाथने एक ढेकूळ फोडले आणि बोटे धोतराला पुसली. पुसली तशी ती धोतरावर उमटली.

"मीच फोन केलता तुला," तो म्हणाला.

"व्हय. तूच."

अजिंक्य मैदानातल्या आपल्या तंबूत कांदाभजी खात बसला होता. त्याने काहीच नाकारले नाही.

"बंद ट्रक आलेच न्हाईत, साहेब. तुमी म्हनला, पावसाच्या आत खाण मोकळी पायजे. केली मोकळी. मैदानात तळ्याच्या गाळात कालवून टाकला, लोकांनी उचलला. मी कुनाच्या रानात टाकाय गेलतो का?" मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आत्याबाईंचं रान तेवढं गुपचूप खरवडून देतो. बाकीच्यांचं दोन पावसांत धुऊन जातंय. भजी घ्या."

त्याच्या ओठांवर तेल चमकत होते. मल्लिनाथला त्याची किळस आली. पण खरी किळस पुढच्या क्षणी आली, आणि ती स्वतःची होती. कारण त्या सूचनेच्या बाजूने युक्तिवाद त्याच्या मनात आपोआप जुळू लागले होते. उगाच घबराट होईल, खाण पुन्हा भरावी लागेल, गावाचा जीव एका वासासाठी दुसऱ्यांदा कशाला काढायचा? युक्तिवाद चांगले होते. भज्यांची बशी त्याने हाताने दूर सारली.

"सगळ्यांचं उचलायचं," तो म्हणाला, "आणि खाणीत परत टाकायचं. ट्रक येईपर्यंत."

"तुमच्या दारात?"

"माझ्या दारात."

दुसऱ्या दिवशी आरोग्य निरीक्षक यशपाल घंटागाडी घेऊन वस्त्यावस्त्यांवर गेला. कचऱ्याचे गाणे बंद करून त्याने कर्ण्यावरून सांगितले, की मैदानातला गाळ विषारी आहे, तो पसरू नये, नगरपंचायत उचलून नेईल. संध्याकाळी तो कपाळावर हात मारत परतला.

"साहेब, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. गाडी गेली की लोक कुळव जुंपायलेत! म्हनत्यात, अध्यक्षानं फुकट दिलं आन् आता माघारी मागतोय, म्हंजे माल भारीच असनार. कुना पावण्याच्या रानात घालायचा असंल. त्या कुंडलिकनं तर माझ्या डोळ्यांदेखत ढिगावर कडबा रचला आन् मलाच म्हनतो, गाळ कुठला, गंजी हाय."

मल्लिनाथ कुंडलिककडे गेला. साक्यात काय असते, ते मुळांत कसे शिरते, विहिरीत कसे उतरते, हे त्याने मुद्देसूद मांडले. निधी मागताना करून घेतलेला साक्याच्या तपासणीचा अहवाल पुढे केला. कुंडलिकने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "कागद तुमचा, शिक्का तुमचा, तोंड बी तुमचंच. पण अध्यक्षसाहेब, तुमच्या आत्यानं पसरलाय नव्हं? तिचं राहू दे, माझं उचला, आसं व्हय?"

यावर मल्लिनाथकडे उत्तर नव्हते. तो तसाच ओढा ओलांडून चन्नम्माकडे गेला, आणि तिचे रान सर्वांत आधी, सर्वांसमोर खरवडू द्यावे असे त्याने मागितले. गाळ मातीत कालवला गेला होता. तो काढायचा तर खालची मातीही जाणार, थेट मुरूम लागेपर्यंत. त्या मुरमावर चन्नम्मा आणि तिच्या नवऱ्याने उभ्या हयातीत मेंढरे बसवून, शेणखत ओढून वीतभर माती धरवली होती.

ती बांधावर जाऊन बसली. मग म्हणाली, "गावाला तू बोलव. मी बोलवनार न्हाय."

जेसीबी आला तेव्हा बांधावर माणसे दाटली होती. काहीजण मजा पाहायला आले होते, कुंडलिक खात्री करायला. यंत्राच्या पहिल्याच ओरबाड्यासरशी पापुद्र्याखाली कोंडलेला दर्प वर उसळला आणि माणसे मागे हटली. चन्नम्मा मात्र पुढे झाली. तिने आपले दोन्ही जांभळे तळवे कुंडलिकच्या नाकापुढे धरले.

"घे वास. त्याचा कागद वाचलास न्हवं? आता ह्ये वाच. याच हातानं भाकरी थापते मी."

कुंडलिकने श्वास घेतला, तोंड फिरवले आणि बांधाच्या पलीकडे वाकून सकाळचे सगळे ओकला. तोंड पुसत तो म्हणाला, "यशपालराव, माझ्या गंजीकडं ट्रॅक्टर पाठवा."

दुपारपर्यंत इतरही कडबे हलले. पण भरलेल्या ट्रॉल्या बोरकट्टीत शिरल्या तेव्हा खाणीच्या काठावर दुसरी माणसे उभी होती, पदर आणि रुमाल पुन्हा तोंडाला बांधून. पहिली ट्रॉली खाणीत उलटली. रत्नम्मा मल्लिनाथसमोर आली, त्याच्या पायांपुढे थुंकली आणि म्हणाली, "हार परत दे." त्याच्याजवळ तो नव्हता. तो केव्हाच वाळला होता. कचऱ्यात गेला होता. लोकांनी त्याला जी नावे ठेवली त्यांतले एकही त्याला खोडून काढता आले नाही, आणि त्याने प्रयत्नही केला नाही. ट्रक येईपर्यंत खाणीवर ताडपत्री आणि काठाला रात्रंदिवस पहारा, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ट्रक कधी येतील, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

दिवस मावळायच्या आधी तो ओढ्यापलीकडे परतला. चन्नम्माच्या रानात पांढरा मुरूम उघडा पडला होता. जेसीबी कडेला उभा होता, चालक बिडी ओढत होता. चन्नम्मा आभाळाकडे पाहत होती. तुळजापूरच्या बाजूने ढग दाटले होते.

"आज-उद्या पडंल," ती म्हणाली. "यंत्रानं बांध फुटलाय. राहिलेलं बी वाहून जाईल."

"लगेच घालून देतो." मल्लिनाथने चालकाला हाक मारली.

"त्येला नको. जेसीबीच्या दाताला तुझ्या खाणीचं लागलंय, ते परत माझ्या बांधात घालतोस व्हय?" तिने हाताने दाखवले, बोट न लावता. "खोरं आन् पाटी गोठ्यात हाय."

मल्लिनाथने सदरा काढून बाभळीला अडकवला आणि तो गोठ्याकडे वळला.