योगीराजांचा श्वास आणि प्लास्टरचा पाय

आरसा धुरकट झाला आणि लंडनच्या हाउन्सलो भागातल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या मंडळींनी तोंडात बोटं घातली. मागच्या रांगेतले खुर्च्यांवर चढले. "घेतला! योगीराजांनी श्वास घेतला!" असा गजर झाला. नेमकं त्याच वेळी हीथ्रोवर उतरणारं विमान छपरावरून गेलं, त्यामुळे गजराचा उत्तरार्ध कुणालाच ऐकू आला नाही.

योगीराज म्हणजे स्टेजवर पाटावर ठेवलेली दोन फुटांची राखाडी आकृती. गुडघे पोटाशी घेतलेले, मान खाली घातलेली, दोन्ही हात चेहऱ्याशी नेलेले. शेजारी भगवी शाल पांघरलेले स्वामी अग्निश्वासानंद. फेब्रुवारी १९७२ ची थंडी असल्यामुळे शालीच्या आत पोलो नेकचा स्वेटर होता.

"भक्तजनहो," स्वामी म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कोकणातला हा योगी मिऱ्यांच्या गलबतातून रोमन लोकांच्या देशी गेला. पाँपेई नावाची नगरी. नुसतं मद्य, नुसती नाटकं! योगीराजांनी परोपरीनं समजावलं. कोण ऐकतो? मग व्हेसुव्हियस पर्वत कोपला. राख बरसली, नगरी गाडली गेली, माणसं किड्यामुंगीसारखी मेली. आणि योगीराज? समाधीत! देहाची शिळा झाली, पण श्वास चालू! विचारा सायन्सला. सायन्स गप्प!"

सायन्सला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते गप्प होतं. योगीराज दोन फुटांचेच कसे, असं मागे एका गृहस्थांनी विचारलं होतं. तपश्चर्येनं देह आटतो, असं उत्तर मिळालं. विचारणारे गृहस्थ पेशानं इंजिनिअर होते. त्यांचं समाधान झालं.

तिसऱ्या रांगेत डॉक्टर सिप्पोरा पेणकर हाताची घडी घालून बसली होती. ती जवळच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीमध्ये होती. मोडलेली मनगटं आणि घोटे प्लास्टरमध्ये घालण्यात तिचा निम्मा दिवस जायचा. ती मुंबईची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. तिच्या घरी मूर्तीपुढे हात जोडायची रीत नव्हती, आणि इतर कुणी जोडले तर नाक मुरडायचीही नव्हती. ती आली होती शैलासाठी. भायखळ्याच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. शैलाला लहानपणापासून दमा. वर्गात तिची धाप सुरू झाली की सिप्पोरा वहीनं वारा घालायची. वाऱ्यानं दम्याला काही होत नाही हे डॉक्टर झाल्यावर कळलं, पण तेव्हा दुसरं काय करणार?

आणि आज तीच शैला रांगेत उभी राहून आपला पंप योगीराजांच्या पायाशी ठेवायला निघाली होती. स्टेजवर चांदीच्या मुलाम्याचं मोठं ताट होतं. त्यात दम्याचे पंप, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या असा नैवेद्य साठला होता. त्याच्या बदल्यात स्वामी ज्वालाभस्माची पुडी देत. रोज चिमूटभर हुंगायची, आणि योगीराजांसारखे हात तोंडापुढे धरून श्वास रोखायचा. "रबराच्या नळीचा श्वास सोडा, योग्याचा श्वास घ्या!" असं स्वामींचं म्हणणं होतं.

सिप्पोरानं सगळा विधी बारकाईनं पाहिला. आधी योगीराजांना अभिषेक, तोही चांगला बादलीभर पाण्याचा. मग पंच्यानं अंग पुसलं. मग अग्नी. हॉलचा केअरटेकर काडी ओढू देत नसे, म्हणून अग्नीच्या जागी लाल तारांचा इलेक्ट्रिक हीटर. तो योगीराजांच्या अगदी पुढ्यात. सगळ्यात शेवटी मागच्या अंगणात "शुद्धीसाठी" उघड्यावर ठेवलेला आरसा आत यायचा आणि योगीराजांच्या नाकाशी धरला जायचा.

दुसऱ्यांदा आरसा धरला आणि तेवढ्यात वीज गेली. कोळसा खाणीतले मजूर संपावर होते. पॉवर कट ठरलेले असत, पण आजची वेळ स्वामींच्या ध्यानात राहिली नव्हती. हीटरच्या लाल तारा काळ्या पडल्या. थोडा वेळ गेला. आरसा पुसून पुन्हा धरला. लख्ख! खाणमजुरांबरोबर योगीराजांचाही श्वास संपावर गेला.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. स्वामींनी डोळे मिटले. "कुंभक!" ते म्हणाले. "योगीराजांनी श्वास आत कोंडला आहे. हे दर्शन लाखात एखाद्याला घडतं."

लोकांनी दुप्पट भक्तीनं नमस्कार घातले. सिप्पोराही रांगेतून पुढे गेली आणि तिनं योगीराजांच्या पाठीला हात लावला. ओलसर, गार. असा स्पर्श ती रोज दहादा करत असे.

घरी जाताना तिनं शैलाला सगळं सांगितलं. शैलाचा नवरा मोहन एअरपोर्टवर कार्गोमध्ये होता. तो गाडी चालवत ऐकत होता.

"शैला, मी त्या माणसाला भेटलेय," सिप्पोरा म्हणाली. "कोच टूरनं इटलीला गेलो होतो ना, तेव्हा पाँपेईला. खरा माणसाएवढा आहे. आणि बाहेरच्या दुकानात त्याच्या अशाच छोट्या कॉपीज मिळतात, सूवेनिर म्हणून. ते प्लास्टर आहे गं. ओलं प्लास्टर शेकलं की वाफ सोडतं. इट्स ॲज सिंपल ॲज दॅट."

"सिप्पोरा, प्लीज," मोहन म्हणाला. "तुमच्यात मूर्ती नसते. तुला मूर्तीतलं काय कळणार?"

"मूर्तीतलं नाही कळत. प्लास्टरमधलं कळतं."

शैला खिडकीबाहेर बघत होती. "मला कंटाळा आलाय गं," ती हळूच म्हणाली. "तीस वर्षं मी पर्समध्ये आधी औषध आहे का ते बघते, मग किल्ली. कुणीतरी म्हणालं, की आता नाही लागणार. ऐकायला किती बरं वाटलं माहितेय?"

तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. त्या आठवड्यात तिनं रोज फोन केला. रोज शैला म्हणायची, "आय ॲम फाइन," आणि रोज त्या तीन शब्दांच्या मध्ये जरा जास्त वेळ लागायचा.

पुढच्या रविवारी सिप्पोरा हॉलमध्ये आली ती काखेत पाय घेऊन. पाय प्लास्टरचा, गुडघ्यापर्यंतचा, आतून पोकळ. एका फुटबॉल खेळणाऱ्या पोस्टमनच्या पायावरून परवाच कापून काढलेला. त्यावर त्याच्या मित्रांनी निळ्या पेनानं काही शुभेच्छा लिहिल्या होत्या, त्यातल्या दोनच वाचण्यासारख्या होत्या. हा पाय तिनं रात्रभर बाथटबमध्ये भिजत घातला होता.

अभिषेक झाला, हीटर लागला, आरसा आला, धुरकटला, गजर झाला. सिप्पोरा उठली आणि स्टेजवर गेली.

"स्वामीजी, मलाही एक दर्शन घडवायचंय. दोन मिनिटं द्या."

भक्तीण समजून स्वामींनी हात उंचावून परवानगी दिली. सिप्पोरानं पंच्यानं पाय नीट पुसला, हीटरपुढे उभा केला आणि थोड्या वेळानं अंगणातला दुसरा गार आरसा मागवून त्याच्या अंगठ्याशी धरला.

आरसा धुरकट झाला.

"पायानं श्वास घेतला," सिप्पोरा म्हणाली. "हे पोस्टमनयोगी. यांची समाधी सहा आठवड्यांची होती. आरती कुणी करणार का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरांनी तर टाळ्या वाजवल्या. स्वामींचा चेहरा मात्र हलला नाही.

"पायात पाणी आहे, मान्य," ते म्हणाले. "पण या देहाला आकार कुणी दिला? हा कोणत्या शिल्पकारानं घडवला? बोला!"

"कुणीच नाही घडवला," सिप्पोरा म्हणाली. आता ती लोकांकडे वळली होती. "व्हेसुव्हियस फुटला तेव्हा आधी बराच वेळ हलके दगड आणि राख पडत राहिली. छपरं कोसळली. बरेच लोक पळाले. जे राहिले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेची आणि विषारी वाफांची लाट डोंगरावरून धावत आली. त्यात माणसं जागच्या जागी गेली. अंगावर राख बसली, घट्ट झाली. आतला देह काळानं नाहीसा झाला, हाडं तेवढी राहिली आणि त्यांच्याभोवती पोकळी. शंभरेक वर्षांपूर्वी खणणाऱ्यांनी अशा पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतलं, ते सुकू दिलं आणि वरची राख फोडली. आत शेवटच्या क्षणीचा माणूस. ही त्यांतल्याच एकाची छोटी कॉपी. कोकणातला असल्याचं तिथे कुणी म्हटलेलं नाही. त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही."

आता सायन्स बोलत होतं आणि स्वामींना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी भस्माचं भांडं उचललं.

"अश्रद्धेचा मळ बसलाय इथे! भस्मवृष्टी!" असं ओरडून त्यांनी मुठी भरभरून राख गर्दीवर उधळली. खिडक्या थंडीमुळे बंद होत्या. राखाडी ढग पुढच्या रांगांवर उतरला. लोक खोकले, डोळे चोळू लागले. आणि पहिल्या रांगेतली शैला खुर्चीवरून घसरून खाली बसली.

तिचे गुडघे पोटाशी आले. मान खाली गेली. दोन्ही हात नाकातोंडावर.

"पाहा!" स्वामी गरजले. "मुद्रा आपोआप लागली! योगीराज हिच्यात उतरले!"

काही जणांनी शैलापुढे खरोखरच हात जोडले. दीड-दोनशे माणसं एका बाईला गुदमरताना पाहत होती आणि नमस्कार करत होती. सिप्पोरानं स्टेजवरून उडी मारली. तिच्या कोटाच्या खिशात पंप होता. पण मोहन तिच्या आधी पोचला. बायकोच्या ओठांचा रंग त्यानं पाहिला, योगीराजांचा रंग पाहिला, आणि स्वामींना न विचारता सरळ नैवेद्याच्या ताटात हात घातला. ताट खणखणत खाली आलं. त्यानं पंप शैलाच्या तोंडाला लावला.

"खिडक्या उघडा! ॲम्ब्युलन्स बोलवा, नाइन नाइन नाइन!" सिप्पोरा ओरडत होती. "शैला, माझ्याकडे बघ. आत घे. हं. आणखी एकदा."

हळूहळू छातीतली शिट्टी उतरली. शैलानं मान वर केली. तिच्या केसांवर, पापण्यांवर, हातांवर राख बसली होती. समोर पाटावर योगीराज तसेच बसले होते, तिच्यासारखेच. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"सिप्पोरा," ती तुटक तुटक म्हणाली, "हा ध्यानाला नाही बसलेला. मला विचार. ह्याला... श्वास मिळत नाहीये."

मग त्या इंजिनिअर गृहस्थांनी खाली वाकून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची आपली बाटली शोधली आणि खिशात टाकली. त्यांच्यामागे दुसरे वाकले, तिसरे वाकले. ॲम्ब्युलन्स आली तोवर जमिनीवर खोकल्याच्या दोन बाटल्या तेवढ्या उरल्या होत्या आणि स्वामी मागच्या दारानं गेले होते. शाल विसरले, स्वेटर होता म्हणून निभावलं असेल. पुढे ते बेसिंगस्टोकला दिसल्याचं कुणी सांगतं. तिथे कोणी दुसरे योगी श्वास घेत असल्यास तिथल्या मंडळींनी अभिषेक बंद करून पाहावा.

दोन फुटांचा तो माणूस शैलानं घरी नेला. ती त्याची पूजा करत नाही आणि त्याला भिजवतही नाही. तो कपाटावर कोरडा असतो, शेजारी तिचा पंप.

वाचकहो, आरसा धुरकट झाला तर तो आधी गार कुणी केला ते बघा. राख रोग बरा करते असं कुणी म्हणालं, तर राखेखाली गेलेल्या त्या गावाला आठवा. आणि कुणापुढेही हात जोडण्याआधी एवढं विचारा, की समोरचा माणूस ध्यानाला बसलाय की गुदमरतोय. गुदमरत असेल तर हात जोडू नका, खिडकी उघडा.