सातवा रकाना

“वीस वर्षांपूर्वीची वही आहे का अजून?” बाईंनी विचारलं, तेव्हा वहीकाका नेमक्या त्याच वहीचा पुठ्ठा उसवत बसले होते.

बंदुकांच्या त्या दुकानात त्यांना सगळे वहीकाकाच म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी बंदूक अशी कधी हातात धरली नाही, धरली ती खरेदीची नोंदवही. घेणारा कोण, परवाना कितवा, बंदुकीचा नंबर काय आणि सातव्या रकान्यात, कशासाठी घेतली. अक्षर असं की मालक येणाऱ्याजाणाऱ्याला वही दाखवून मिरवायचे. नियम साधा होता. सरकारी कचेरीतली प्रत दहा वर्षं ठेवायची, दुकानातली वही वीस. वीस भरली की पुठ्ठा काढून पानं कागद कापायच्या यंत्रात घालायची आणि तसं कचेरीला कळवायचं. काका पुढे लिहीत जायचे आणि मागचं त्यांच्याच हातांनी कापलं जायचं. त्याचं त्यांना आजवर काही वाटलं नव्हतं.

बाई आधी कचेरीत जाऊन आल्या होत्या. आमची प्रत कधीच गेली, दुकानाची मुदत परवा संपते, लगेच जा, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. त्यांचे यजमान इथूनच बंदूक घेऊन गेले होते आणि चौथ्या दिवशी त्याच बंदुकीने त्यांनी स्वतःला संपवलं. चिठ्ठी नाही, भांडण नाही, दुखणं नाही. सकाळी बूटसुद्धा पॉलिश करून ठेवले होते. तेव्हापासून लोक बाईंना कारण विचारत आले. सासूबाई तर मरेपर्यंत तोंडाने न विचारता विचारत राहिल्या. हे सगळं बाईंनी पर्स घट्ट धरून, शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगितलं.

“दुकानात कारण लिहून घेतात म्हणे,” त्या म्हणाल्या. “यांनी काय सांगितलं होतं, तेवढंच बघायचंय मला.”

त्या रकान्यात काय असणार, हे वही न उघडताच काकांना ठाऊक होतं. प्रत्येकाला विचारून लिहा, असं नियम सांगायचा. पण समोर रांग लागलेली असताना एकेकाला विचारत कोण बसणार? काका पानावर पहिलं कारण तेवढं विचारून लिहायचे आणि खाली शेवटपर्यंत डिट्टोच्या दोन-दोन रेघा ओढायचे. तपासणीला येणारे साहेबही त्यावर डोळे झाकून सही ठोकायचे.

पानाला वाळवी लागली म्हणून सांगावं का? नाहीतर ‘स्वसंरक्षण’ म्हणून मोकळं व्हावं. एका शब्दाने बाई घरी जातील, आणि परवानंतर खरंखोटं करायला वही कुठे असणार आहे? पण बाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला होता, नीट वाचता यावं म्हणून. ते बघून काकांची जीभ रेटेना. त्यांनी पान शोधून वही फिरवून समोर ठेवली.

बाईंनी आधी सही पाहिली. तिच्यावर बोट ठेवलं. मग बोट सातव्या रकान्याकडे सरकलं.

“हे काय?”

“डिट्टो. वर लिहिलंय तेच.”

बोट वर चढत गेलं, रेघांमागून रेघा ओलांडत. अकरा नोंदींनंतर ते पहिल्या ओळीवर थांबलं. कुठल्याशा शेतमालकाचं कारण होतं ते, काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण.

“आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो,” बाई म्हणाल्या.

त्यांचं बोट पुन्हा खाली यजमानांच्या ओळीवर आलं.

“तुम्ही विचारलंच नाहीत त्यांना?”

“नाही, ताई. कोणालाच विचारत नव्हतो.”

चेहरा आठवतो का, असंही बाईंनी विचारून पाहिलं. काकांनी पुष्कळ डोकं खाजवलं, पण काही केल्या आठवेना. विचारलं असतं तर तो माणूस कदाचित अडखळला असता, कदाचित खोटं बोलला असता. ते खोटं तरी आज या बाईंच्या हाती लागलं असतं, आणि ती रिकामी जागा काही आता भरून येण्यासारखी नव्हती.

पान मिळेल का, म्हणून बाईंनी मालकांना विचारलं. पानांवर अनुक्रमांक आहेत, सगळी मोजून नष्ट करावी लागतात, देता येणार नाही, असं मालक आतूनच म्हणाले. मग मुदतीच्या दिवशी मी येते, म्हणून बाई गेल्या आणि खरंच आल्या. यंत्राजवळच्या स्टुलावर बसून राहिल्या. ते पान आलं तेव्हा काकांनी ते जरा वेळ हातात धरलं. बाईंनी मानेनेच हो म्हटलं. काकांनी पान आत सोडलं.

बाई उठून दाराकडे निघाल्या. काकांनी नष्ट केलेल्या वह्यांचं रजिस्टर उघडलं. त्यातही शेवटचा रकाना कारणाचाच होता. सगळ्यात वर, फार वर्षांपूर्वी लिहिलेलं ‘मुदत संपली’ आणि खाली नुसत्या रेघा. काकांच्या हाताने सवयीने एक रेघ ओढलीसुद्धा. मग हात थांबला.

त्यांनी ती रेघ खोडली आणि बाजूला पूर्ण शब्दांत लिहायला घेतलं. मुदत संपली. पाच-सहा अक्षरं काय ती, पण एकही सरळ येईना.