फाटकाबाहेरचा मिथुन

माजरीच्या कोळसा खाणीतून पंप ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले नागसेन निमगडे एका कुलरमुळे हुशार झाले, असं त्यांची बायको कांताबाई सांगते. एप्रिलात ते चंद्रपूरला गेले असताना उन्हानं डोकं भणभणलं. एका हॉलमध्ये मोठे कुलर चालू दिसले, म्हणून ते आत जाऊन बसले. तिथं ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान चाललं होतं. हवा गार होती, म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

त्याच आठवड्यात कांताबाईंच्या फोनवर एक मेल आला. कांताबाई बांबूचे कंदील करून ऑनलाइन विकतात. गिऱ्हाइकांचे पैसे 'पैसासेतू' नावाच्या सेवेतून येतात. मेल त्याच नावानं होता. 'प्रिय ग्राहक, तुमचा खाथा आज बंद होणार. ताबडतोब खालच्या लिंकवर पिन भरा.'

कांताबाईंचं बोट लिंकवर टेकणार, तेवढ्यात नागसेनभाऊंनी फोन काढून घेतला.

"थांब. यात तुह्यं नाव कुठी हाये? ज्याच्याकडे खातं हाये, त्याले नाव माहीत नसन का? अन् घाई पाय किती करून राह्यला. शुद्धलेखन तं पायच नोको."

त्यांनी मेल पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून दाखवला. वर पैसासेतू लिहिलं होतं, पण खाली भलतीच अक्षरं आणि आकडे होते. मग लिंकला हात न लावता त्यांनी पैसासेतूचं ॲप वेगळं उघडलं. तिथं कसलीच सूचना नव्हती. खातं ठणठणीत होतं.

कांताबाईंनी त्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम वडाभात केला. तिथंच चुकलं.

त्यानंतर नागसेनभाऊंना सगळीकडे खोटंच दिसू लागलं. शेजारच्या गिरजाबाईंच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली, तर ती त्यांनी उन्हात धरून पाहिली. "नाव नाई, नुसतं सहकुटुंब सहपरिवार. वेळेवर या म्हणते, म्हणजे घाई आली. अन् 'आशिर्वाद' चुकलं हाये." ते लग्नाला गेले नाहीत. लग्न झालं, जेवणंही झाली. गिरजाबाई बरेच दिवस बोलल्या नाहीत.

मे महिन्यात पैसासेतूचा दुसरा मेल आला. यात कांताबाईंचं पूर्ण नाव होतं, घाई नव्हती, पिन मागितला नव्हता. दुकानाची पडताळणी करायला आमचा माणूस गुरुवारी येईल, एवढंच लिहिलं होतं.

"हा चोर शिकेल हाये," नागसेनभाऊ म्हणाले.

"मांगच्याले नाव माहीत नव्हतं म्हणून तो खोटा," कांताबाई म्हणाल्या. "आता नाव हाये तरी खोटा?"

"नाव हाये म्हणूनच तं." आणि त्यांनी मेल पुसून टाकला.

गुरुवारी भर दुपारी एक मोटरसायकल फाटकाशी थांबली. घामानं निथळणारा, गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण उतरला.

"नमस्कार ग्राहक," तो म्हणाला. "मी पैसासेतूकडून आलो."

नागसेनभाऊंनी फाटकाची कडी आतून धरली. "ग्राहक? नाव माहीत नाई का?"

"माहीत हाये जी. पण कंपनीनं असंच म्हणाले सांगतलं."

"तुह्यं नाव काय?"

"मिथुन."

नागसेनभाऊंनी ओळखपत्र वाचलं. "इथी 'मिथून' लिवलं हाये."

"छापणाऱ्यानं चुकवलं जी. लवकर पाहून घ्या, ऊन लय लागून राह्यलं."

"घाई," नागसेनभाऊ स्वतःशीच म्हणाले आणि मान हलवली. नाव नाही, शुद्धलेखन चूक, घाई. माणूस तिन्ही परीक्षांत नापास झाला होता.

मिथुननं ऑफिसला फोन लावून देतो म्हटलं, तर नागसेनभाऊ म्हणाले, "नंबर तू देशीन, तं उचलणाराही तुहाच साथीदार असन."

मिथुननं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "हे मात्र बरोबर हाये. माह्या सांगण्यावर नका जाऊ. तुमच्याच फोनातलं ॲप उघडा. मी खरा असलो, तं माह्यं नाव तिथी असन."

आवाज ऐकून कांताबाई मागच्या अंगणातून आल्या. हातात काळे रंगवलेले बांबूचे बारीक धागे होते, बोटांना डिंक लागलेला होता. त्यांनी हात पुसून ॲप उघडलं. गुरुवार, मिथुन, माजरी, सगळं तिथं होतं. सोबत फोटोही होता.

"पाय, हाच हाये," त्या म्हणाल्या.

नागसेनभाऊंनी फोटो पाहिला, मग मिथुनकडे पाहिलं. "फोटोतल्याले मिशी हाये."

"परवाच काढली जी. उन्हाळ्यात चिपचिप होते."

"मिशीशिवाय मी कसं ओळखू?"

कांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग भाजून निघालेल्या त्या पोराकडे. त्यांनी हातातले काळे धागे बोटभर कापले आणि फाटकावरून हात घालून मिथुनच्या ओठावर धरले.

"हात काढ," नागसेनभाऊ म्हणाले. "हातामुळं तोंड नाई दिसून राह्यलं."

कांताबाईंनी डिंक लावून धागे चिकटवले. मिथुन श्वास रोखून उभा राहिला. नागसेनभाऊंनी फोन त्याच्या कानाशी धरला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "आता जमते." आणि त्यांनी कडी काढली.

पडताळणीचं काम म्हणजे कंदिलांचे फोटो काढायचे, एवढंच होतं. नागसेनभाऊ खजील झाले होते, पण तसं म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतः मठ्ठा आणून दिला, तो संपल्यावर पुन्हा आणला. मिथुन मिशी सांभाळून प्यायला. नंतर ती काढायला गेला, तर डिंक वाळून पक्का झाला होता आणि कातडी सोलवटायला लागली. गडचांदूरच्या गिऱ्हाइकाकडे उशीर होत होता, म्हणून तो तसाच निघाला. कांताबाईंनी त्या दिवसापासून एक नियम केला. मला दाखवल्याशिवाय एकही मेल पुसायचा नाही.

संध्याकाळी मिथुनचा फोन आला.

"काकू, गडचांदूरवाल्यानं फोटो पायला अन् लगेच घरात घेतलं. मिशी काढल्यापासून असं कोणीच घेतलं नव्हतं."

"मग बरं झालं," कांताबाई म्हणाल्या.

"हाव. म्हणून म्हणलं, अशा चार-पाच मिशा बनवून द्यान का? माह्या साथीदारायनंही उन्हाळ्यात मिशा काढल्या, त्यायलेही पाहिजे."

कांताबाईंनी नवऱ्याला हाक मारली आणि बांबू सोलायला बसवलं.