कॉनीबायचे मोकळे हात

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. डोके आणि मासळीची टोपली यांच्यामध्ये बसते, ती कापडाची गोल गादी. उत्तन कोळीवाड्यातल्या कॉनीबायने सासूच्या फाटक्या लुगड्याची पट्टी पिळून वेटोळे घातले आणि माझा जन्म झाला.

ओले बोंबील टोपलीत, त्यांचे पाणी माझ्या अंगात. पण कॉनीबायचा रुबाब काय सांगू! टोपलीला हात म्हणून लावायची नाही. दोन्ही हात मोकळे सोडून भाईंदरच्या बाजारात शिरायची.

"बाय, टोपली पडेल!" नेहमीचे गिऱ्हाईक असलेली सुचेता चिडवायची.

"पडली तं तुज्याच पदरात पडंल. कालवण करून खा!"

गेल्या वर्षी तिला गरगरू लागले. डॉक्टरांनी तिला निजवून मान इकडेतिकडे वळवली. "कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक कण असतात, ते जागचे हलले असावेत. फरक पडला नाही तर मात्र परत या," ते म्हणाले.

फरक पडला नाही आणि कॉनीबाय परत गेली नाही. "कानाचंच हाय, जाईल," म्हणायची. पण त्या कणांची चक्कर मान हलवली की येते आणि थोड्या वेळात ओसरते. ही तर बसल्या जागीही डावीकडे कलायची. माझी डावी कड दबत चालली होती, पण मला तोंड कुठे?

एका सकाळी अंगणातच तिचा हात वर गेला. तिने टोपली धरली. सून हेझल दारातच थांबली.

"मम्मी, टोपली धरलीस?"

"वारा हाय गो."

"पान हलत न्हाय. उतरव टोपली, डॉक्टरकडं जाऊ."

या वेळी डॉक्टरांनी तिला सरळ रेषेत चालायला लावले आणि लगेच मेंदूचा एमआरआय करायला पाठवले. लहान मेंदूला चिकटून गाठ होती. तिचा नवरा गॅब्रियल जाळे मांडीवर घेऊन नुसता बसून राहायचा. शस्त्रक्रिया झाली, मग तपासणीचा निकाल आला. गाठ कर्करोगाची नव्हती आणि पूर्ण निघाली होती. गॅब्रियल आधी रडला, मग पोटभर जेवला.

आता ओझ्याला मनाई आहे. काल कॉनीबायने मला नुसतीच डोक्यावर ठेवली आणि अंगणातून वाटेवरच्या क्रुसापर्यंत चालत गेली. मागे हेझल, हात पसरून.

"टोपली न्हाय, तं तू काय झेलतेस गो?" कॉनीबाय हसली. तिचे हात मोकळे झुलत होते.

मित्रांनो, चक्कर बहुधा साधीच असते. पण ती जात नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा सांगायला लाजू नका. आणि आपल्या माणसाचे हात एरवी कुठे असतात, तेवढे पाहून ठेवा.