चौथ्या ढोलाची जागा

आमच्या मिलिंदला एक जुना आजार आहे. आपल्यामुळे कुणाला तरी त्रास होतोय, असं त्याला सारखं वाटत असतं. आमच्या लग्नात "आधी बाकीच्यांचं होऊ द्या" म्हणत हा शेवटच्या पंगतीला बसला, तोवर जिलेबी संपलेली. स्वतःच्या लग्नात! इंग्लंडात रीडिंगला येऊन आम्हाला वीस वर्षं होत आली, पण आजार काही गेला नाही. उलट इथे तो फोफावलाच, कारण या देशात दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी सॉरी आपणच म्हणायचं असतं.

तर या आजारापायी नवऱ्याने काय करून ठेवलंय, ते मला कळलं जुलैतल्या एका शनिवारी, एका रग्बी क्लबच्या मैदानावर, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडताना. ते सांगते, पण आधी आमच्या मुलीबद्दल सांगायला हवं.

ऋजुता सोळा वर्षांची. ती ड्रम कोअरमध्ये आहे. म्हणजे पन्नासेक पोरं बिगुल, ढोल आणि झेंडे घेऊन गवतावर उतरतात आणि वाजवता वाजवता चालत मैदानभर आकार काढतात. आत्ता गोल होता म्हणेपर्यंत त्याची चांदणी झालेली असते. उन्हाळ्यात त्यांच्या स्पर्धा असतात. उन्हाळा म्हणजे इथला हो, मी आतून थर्मल घालून गेले होते.

या कोअरमध्ये पाच जण छातीवर मोठाले ढोल बांधून एका ओळीत चालतात. पाची ढोल लहानमोठे, प्रत्येकाचा सूर निराळा, आणि गंमत अशी की अख्खा तुकडा कुणीच वाजवत नाही. एकाने एक ठोका द्यायचा, पुढचा दुसऱ्याने, त्याच्या पुढचा तिसऱ्याने, असा तो या टोकाकडून त्या टोकाकडे पळत जातो. ऋजुताचा ढोल चौथा. त्यामुळे घरी तिचा सराव ऐकणं म्हणजे शिक्षाच. ठुम्. मग शांतता. आपण भाजी परतायला लागलो की पुन्हा ठुम्, ठुम्. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं बाई, पुरतं तरी वाजव!"

"आई, पुरता कोणीच नाही वाजवत," ती म्हणाली. "बाकीचा त्या चौघांकडे आहे."

मे महिन्यात शाळेतून फोन आला. ऋजुताच्या छातीत एकदम कळ आली होती, श्वास घेता येत नव्हता. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, एका बाजूचं फुप्फुस मिटलंय. उंच, सडपातळ मुलांना कधीकधी असं होतं म्हणे, कशामुळे असं काही नाही. छातीत नळी घातली, हवा काढली, आणि त्या वॉर्डातल्या लोकांनी माझी पोर मला परत दिली. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तर शुद्धीवर नीट आल्यावर आमच्या बाईसाहेबांचा पहिला प्रश्न काय? "माझा ड्रम कोण घेणार?"

पलंगाजवळच्या टेबलावर ती बोटाने ठोके द्यायची. एक ठोका, थांबणं, दोन ठोके, थांबणं. मधल्या शांततेत तिच्या ओठांची हालचाल व्हायची. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ती गप्प नसते, बाकीच्या चौघांना ऐकत असते.

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, प्रगती छान आहे, पण हा ढोल खांद्याला पट्टे लावून छातीवर घ्यायचा असतो ना, तो या वर्षी नाही. ऋजुता रडली नाही. "ओके" म्हणाली आणि गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तरी रविवारी ती सरावाला जात राहिली. बघायला जाते, पाण्याच्या बाटल्या भरून देते, असं आम्हाला सांगायची. स्पर्धेच्या दिवशी पहाटे युनिफॉर्म घालून कोअरच्या बसमधून निघूनही गेली. मी मनात म्हटलं, जाऊ दे, निदान मैत्रिणींबरोबर तरी राहील.

आम्ही दुपारी पोचलो. वारा असा की खुर्ची धरून बसावं लागत होतं. बर्गरच्या गाडीवरून तळलेल्या कांद्याचा वास येत होता, वर ढगांचं आणि उन्हाचं भांडण चाललेलं. एकेक कोअर मैदानात येत होती आणि मिलिंद समोर पुऱ्या असून हात लावत नव्हता. आता तिखटमिठाच्या पुऱ्यांना हा नाही म्हणतोय, म्हणजे काहीतरी मोठं पाणी मुरत होतं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मिलिंद!"

"मी ग्वेनला फोन केला होता," तो पुरीकडे बघत म्हणाला. ग्वेन म्हणजे या ढोलवाल्या पोरांना शिकवणारी बाई. "मे महिन्यातच. म्हटलं, आमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. ऋजुताची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका, आम्हाला वाईट वाटणार नाही."

"आम्हाला? आम्हाला म्हणजे कोणाला? पोरीला विचारलंस?"

"अगं, ती हॉस्पिटलमध्ये होती."

"म्हणजे ती छातीत नळी घेऊन ठोके मोजत होती, आणि तू बाहेर कॉरिडॉरमध्ये तिची जागा वाटून टाकत होतास! ग्वेन काय म्हणाली?"

"लीव्ह इट विथ मी, म्हणाली." त्याचा चेहरा अगदी पडला होता. "वीणा, आता तिच्यादेखत दुसरं कुणीतरी तिच्या जागेवर वाजवणार. मला हे आधी सुचलंच नाही गं."

मला असा संताप आला की काय सांगू. लग्नातल्या जिलेबीपासून सुरुवात करून मी त्याला जे धुतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं मराठीत असल्यामुळे लाज थोडी झाकली गेली इतकंच. शेजारी चौकड्यांची शाल पांघरून एक आजी बसल्या होत्या. त्यांनी थर्मासमधून चहा ओतून निमूटपणे माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. देव त्यांचं भलं करो.

तेवढ्यात आमची कोअर आत आली.

बिगुल आले, झेंडे आले. माझी नजर ढोलांवर. पहिला, दुसरा, तिसरा... आणि मग मोकळी जागा. तिच्या पलीकडे पाचवा. एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून ती चार पोरं चालत होती. वळली तर जागाही वळली, तिरकी गेली तर जागाही त्यांच्याबरोबर तिरकी गेली. कुणीही आत सरकून ती भरून काढली नाही.

"अरेरे, त्यांचा एक जण आलेला नाही," आजी म्हणाल्या. त्या या स्पर्धा वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. "पण ओळ जवळ का नाही घेतली? बाकीचे घेतात. याचे मार्क जातील हं."

मिलिंदने माझं मनगट घट्ट धरलं. "वीणा, समोर बघ. तिकडे, पुढे."

मैदानाच्या पुढच्या कडेला, आमच्याच बाजूला, जी घेऊन चालता येत नाही अशी वाद्यं मांडलेली होती. त्यांच्या शेवटी एका स्टँडवर चौथा ढोल बसवलेला होता. छातीवर नाही, खांद्यावर नाही, स्टँडवर. आणि त्याच्यामागे आमची ऋजुता उभी होती, मैदानाकडे पाठ करून, तोंड आमच्याकडे. तिचे डोळे मिटलेले होते. तिला तिची ओळ दिसत नव्हती, पाठीमागून फक्त ऐकू येत होती.

बिगुल थांबले. तो ढोलांचा तुकडा आला, जो दोन वर्षं मी स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्याने ऐकला होता. पहिला वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. मैदानात आवाज त्या रिकाम्या जागेपर्यंत पोचला. ठुम्. तो ठोका पुढून आला, माझ्या पोरीच्या हातातून. त्याच्या मागोमाग पाचवा. मग उलटा पाचव्याकडून पहिल्याकडे, मग पुन्हा, आणखी वेगाने. कधी तिचा ठोका केसभर मागे पडत होता, ते मलाही कळलं. इतक्या लांबून तेवढं होणारच. पण तुकडा पुरता होता. बाई गं, पुरता होता! मी भर गर्दीत रडले आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

"ही आमची मुलगी," मी आजींना म्हटलं. "ती मोकळी जागा आमच्या मुलीची आहे."

आजींनी ऋजुताकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. "अच्छा, असं आहे होय," म्हणाल्या, आणि शालीतून हात बाहेर काढून टाळ्या वाजवायला लागल्या.

निकालाच्या वेळी सगळ्या कोअर पुन्हा मैदानात येऊन उभ्या राहतात. आमचे आले. ढोलांची ओळ तशीच, मधे मोकळी. तेव्हा ऋजुता कडेवरून निघाली. ढोल नाही, पट्टे नाहीत, नुसता युनिफॉर्म. सावकाश चालत गेली, कारण तिला अजून धावायची परवानगी नाही. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधे जाऊन उभी राहिली. तिसऱ्याने मान न वळवता कोपराने तिला हळूच ढोसलं, ती हसली. पहिल्या तीनांत आमचं नाव आलं नाही. ते जाहीर झाल्यावर त्या पाचांपैकी एकाचाही चेहरा पडला नाही, मी मुद्दाम बघत होते.

मिलिंद केव्हाचा उभाच होता. मागचा माणूस "सिट डाउन, मेट" म्हणाला, तरी याने सॉरी म्हटलं नाही. त्याला ते ऐकूच आलं नसावं.

नंतर बसपाशी आम्हाला ऋजुता भेटली. मी तिला जवळ घेतलं, जपून. मिलिंदने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बेटा, मी एक फोन..."

"मला माहितीये, बाबा. ग्वेनने सांगितलं. ती म्हणाली, जागा तुझी आहे, नको असेल तर तू सांग. मी नाही सांगितलं."

"आणि आम्हाला का नाही बोललीस, तू वाजवणार आहेस ते?" मी विचारलं.

"ग्वेन म्हणाली, डोन्ट टेल युअर डॅड, ही विल रिंग अगेन."

मी इतक्या मोठ्याने हसले की पलीकडचा कुत्रा भुंकला. तेवढ्यात ग्वेनच आली, तांबूस नाक, गळ्यात शिट्टी, बुटांना चिखल. मिलिंद पुढे झाला. "ग्वेन, आय ॲम सो..."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला, पीळ देऊन.

तो थांबला. "थँक यू," म्हणाला. ग्वेनने त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि स्टँडवरच्या ढोलाकडे बोट दाखवलं. "तो व्हॅनमध्ये जायचाय. तिने उचलायचा नाहीये. तुम्ही बघा."

मिलिंदने ढोल उचलला. ओल्या गवतावरून तो पोटाशी धरून, वाकून चालू लागला. ते पाहून दुसऱ्या कुणाचे तरी बाबा मदतीला धावले, "मी धरू का एका बाजूने?" असं विचारत. मला पुढचं तोंडपाठ होतं. नो नो, प्लीज, उगाच तुम्हाला त्रास.

मिलिंदने ढोलाची एक बाजू त्यांच्यापुढे केली. "येस प्लीज," म्हणाला.