खाकरल्यानंतरची जागा

निळ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला चोचीनं ओरबाडलेले दोन पांढरे धागे वर आले होते... परवापर्यंत एकच होता. तिनं ते नखानं दाबून बसवले. दुकानदार याला हार्नेस म्हणाला होता, आत्या लगाम म्हणते. आहे ती नुसती मऊ पट्टी, एका फासातून पोपटाचं डोकं घालायचं, दोन्ही बाजूंनी पंख बाहेर काढायचे, पोटाखाली बकल. सोबतच्या कागदावर सूचना पाचच होत्या आणि तिसरीखाली तिनं पहिल्याच दिवशी रेघ मारली होती : पक्षी मागे सरला की पट्टा खाली ठेवा.

आज चौतिसावा दिवस. वहीत सगळं होतं. पहिला दिवस : पट्टा चार फुटांवर, मान ताठ. एकोणिसावा : फासापलीकडचं सूर्यफुलाचं बी घेतलं. काल : डोकं पूर्ण आत, सहा सेकंद. या गतीनं पंखांपर्यंत पोचायला आणखी दोन आठवडे. आणि उद्या रविवार होता. सोमवारी बाबांना इथल्या रुग्णालयातून दुसऱ्या गावच्या पुनर्वसन केंद्रात हलवणार, आणि तिथं प्राण्यापक्ष्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत. इथली सिस्टर निदान म्हणाली होती, "बांधलेला असेल तर आणा अंगणात. चारला बाबांना खाली आणते मी. पण सुटून कुणाच्या डोक्यावर बसला, तर मला जाब विचारतील हं."

राखाडी पोपट टेबलावर फेऱ्या मारत होता. हात मागे बांधून घरभर देखरेख केल्यासारखा चालतो म्हणून बाबांनीच त्याचं नाव कारभारी ठेवलं होतं. त्याला बोलता एक शब्द येत नाही. येतं ते दाराचं करकरणं, आणि बाबांचं खाकरणं – आधी छोटं, मग लांब, मग क्षणभर थांबणं. त्या थांबण्यानंतर नेहमी हाक यायची, "छटाक..." जन्मतः ती एवढीशी होती, म्हणून छटाक. चार महिन्यांपूर्वी पक्षाघातानं बाबांचे शब्द गेले, ही हाकही गेली. खाकरणं मात्र पोपटाकडे राहिलं. बाबांनी ते ऐकलं, तर पुढचा शब्द आपोआप ओठांवर येईल... असं म्हणायला पुरावा काहीच नव्हता, हे तिला कळत होतं. तरी.

"आत्या, टॉवेल धर जरा."

"टॉवेल? तुझ्या वहीत आहे का टॉवेल?"

"आत्या."

"नाही, विचारते आपली. महिनाभर त्याला अहो-जाहो करत होतीस. आज एकदम पोलीस?"

पण आत्यानं टॉवेलात धरलं त्याला. अकरा सेकंद लागले. बकल टक्कन बसलं. कारभारी ओरडला नाही. तिच्या अंगठ्याला चावला, आणि मग टेबलावर एका कुशीवर पडून राहिला, वस्तूसारखा, डोळे उघडे.

"काढ ते," आत्या म्हणाली. "आधी काढ."

काढल्यावर तो पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून. हाताला चिकटपट्टी लावताना तिच्या मनात आलं, घालता तर येतो. उद्या पुन्हा अकरा सेकंद, एवढंच.

तासाभरानं ती कामावर, वजनं तपासण्याच्या प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा एका कारखान्याचं एक किलोचं वजन तपासायला आलं. तिनं ते चिमट्यानं उचलून तराजूशेजारी ठेवलं आणि वर काचेचं झाकण घातलं. ते घेऊन आलेला ड्रायव्हर घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, वजन ते वजन. लगेच ठेवा ना काट्यावर, मी घेऊन जातो."

"बाहेरून आलंय ना, दमलंय. चार तास बसू दे."

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसताच... हे वाक्य तिचं नव्हतं. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक उन्हातून आलं की बाबा म्हणायचे, डोळे दमलेत, बसा दहा मिनिटं. मग अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून – घाई नाही हं. दिसेल तसं सांगा. नाही दिसत म्हणालात तरी तेही उत्तरच. शाळेतून परस्पर दुकानात येऊन ती कोपऱ्यातल्या स्टुलावर हे ऐकत असे, आणि लोक किती वेळ लावतात म्हणून पाय आपटत असे.

आणि आता ती कार्डं. चाळीस केली होती तिनं, जाड अक्षरांत : पाणी, दार, खिडकी, सगळ्यात शेवटी छटाक. गेल्या रविवारी ती एकेक बाबांच्या डोळ्यांसमोर धरत होती... म्हणा ना बाबा, पा... पा... बाबांनी मान भिंतीकडे वळवली. तिनं खुर्ची उचलली आणि भिंतीच्या बाजूला जाऊन बसली. त्यांनी मान परत इकडे वळवली. तिनं खुर्ची परत इकडे आणली. तीनदा. तेव्हा तिनं वहीत नोंद केली होती : सहकार्य कमी.

झाकणाखाली वजन बसलं होतं. अंगठा ठणकत होता.

संध्याकाळी कारभारी दांडीवरच होता. बी ठेवलं तेही तसंच. तिनं पट्टा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, चार फूट मोजून, आणि वहीत लिहिलं : पहिला दिवस.

"मग उद्या?" आत्यानं दारातून विचारलं.

"उद्या मी जाईन."

"आणि हे कारभारी?"

"ते इथंच."

आत्या जाताना कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "ही भरू का पिशवीत?"

ती खुर्चीवर बसून राहिली, दांडीकडेही न बघता. एकदाच हाक मारा बाबा, एकदाच, मग नाही मागणार काही – हे आत चालूच होतं, चार महिने चालू होतं तसंच, कमी झालं नव्हतं.

दांडीवरून आवाज आला. आधी छोटं खाकरणं, मग लांब. मग ते थांबणं.

रोज या जागी ती पटकन म्हणायची, हं, बोला ना. आज ओठापर्यंत आलेलं तिनं तिथंच राहू दिलं. जागा रिकामीच राहिली... किती सेकंद, ते तिनं मोजलं नाही.